काकांसाठी चिठ्ठी

रत्नागिरी, नोव्हेंबर १९८४

बाबा, तुम्हाला आणि आईला रूथचा सलाम.

इस्पितळात माझं बरं चाललंय. पेपरातल्या जाळपोळीने घाबरू नका, इकडे शांत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी आमच्या मेट्रनबाई भाकर न घेताच उठल्या. आदल्या दिवशी त्यांनी वॉर्डातल्या आयाला सगळ्यांदेखत झापलं होतं. मागच्या बाकाशी जाऊन तिला हात जोडून म्हणाल्या, “करुणा, माझं चुकलं.” मग दोघी मिळून पुढे आल्या.

कुणाशी बिनसलेलं असताना ती भाकर घेऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत; माझा मात्र भाकरीला हात लागेना. चर्चच्या निवडणुकीवरून तुमचं नि काकांचं बोलणं तुटलं, तेव्हा सगळ्यांत कडू मीच बोलले होते.

सोबत काकांसाठी माफीची चिठ्ठी आहे. त्यांच्या पत्त्यावर टाकली असती, पण तुम्हीच नेऊन द्या. दोन्ही घरांच्या मधे एकच तर भिंत आहे.

तुमची,
रूथ