खिशातले हात

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण स्वयंपाकाचा गट सुरू झाला की माझे हात अजून आपोआप ॲप्रनच्या खिशात जातात. सवय तुम्हीच लावलेली. मी तेव्हा तुमच्या हाताखाली व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, शिकत होते. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या आपल्या गटानं करंज्या भरल्या होत्या, वाकड्यातिकड्या, आणि दुपारी पाहुणे यायचे होते. जेवणाच्या सुट्टीत मी गुपचूप त्या मोडून नव्यानं केल्या. एक मावशी ताटात आपली करंजी शोधत राहिल्या आणि मग आठ दिवस गटात आल्याच नाहीत. तुम्ही एवढंच म्हणालात, "अहो, सगळं आपणच करणार असाल तर यांना सुट्टी देऊन टाकू का?" आणि मावशी परत आल्यावर सगळ्यांसमोर मला त्यांची माफी मागायला लावलीत. त्या दिवसापासून गट काम करताना माझे हात खिशात, हा तुमचा नियम.

आता धायरीत माझा स्वतःचा गट आहे. काल दुपारी खराडीच्या एका ऑफिसात आमचा फराळाचा स्टॉल, आणि सकाळी करंज्या तेलात फुटताहेत. पहिला घाणा वाया, दुसराही. "मॅडम, तुम्हीच करा ना आता, उशीर होतोय," सगळे म्हणायला लागले. माझे हात नुसते शिवशिवत होते. दाराशी आमचे एक नागपूरकडचे काका बसतात. कारखान्यात लेथवर होते, आजारपणात नोकरी गेली. तीन महिने रोज येतात, पण कशालाही हात लावत नाहीत. मी खिशाची शिवण घट्ट धरून उभी राहिले. काका उठले, एक करंजी उजेडाकडे धरून म्हणाले, "सारण जास्तच ठासून राहिले ना तुम्ही. कडेले पाण्याचं बोट फिरवा." मग कातण हातात घेतलं, ते शेवटच्या करंजीची कड कापेपर्यंत खाली ठेवलं नाही.

स्टॉलवरही काकाच उभे राहिले. एका मुलीनं विचारलं, "होममेड आहे का, काका?" "आमच्या गटाचं हाय," काका म्हणाले. बाई, मला फार अभिमान वाटला. तुम्ही हव्या होतात.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवते. एक मात्र कबूल करते. ती माफी मी तेव्हा नुसती तोंडानं मागितली होती, आणि वर्षभर तुमच्यावर धुसफुसत होते. काल, काका कड कापत असताना, त्या मावशींची, मनातल्या मनातच पण अगदी मनापासून, मागितली.