कुंभारणीची हिरवी लेक

२१ ऑक्टोबर १९३४, रविवार. वाशीम.

दिवाळीच्या आधीचा चुना सुरू. सकाळीच खटका उडाला. खिडकीवरचं कुंभारीण गांधीलमाशीचं घर (मातीचं, चार खोल्यांचं, सगळ्या लिंपून बंद) सौ.ला खरवडून टाकायचं होतं. मी शिडी धरून बसलो. "साऱ्या गल्लीत आपल्याच भिंतीले ढेकूळ लटकून राह्यलं," ती म्हणाली. शेवटी तेवढी जागा सोडून चुना दिला. भिंतीला इसब झाल्यासारखं दिसतं खरं.

माझा वकील मित्र तात्या, त्याच्या बैठकीतही असंच घर आहे, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटावर. तिथे कुणी खरवडा म्हणत नाही. वकिलाच्या घरी ती हौस, ड्रॉइंग मास्तराच्या घरी ढेकूळ.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तात्या आणि मी पद्मतीर्थाच्या तळ्यावर. पाण्यावरचे चतुर कमी झाले. काठाच्या चिखलातून एक कुंभारीण (कुं.) मातीची गोळी घेऊन उडाली, ती कुठे जाते ते बघत तेल्याच्या घाण्यापर्यंत गेलो. लोक हसतात. वकील हसण्यावारी नेतो, मला मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकावं लागतं.

२८ ऑक्टो., रवि.

तात्याचा सूक्ष्मदर्शक आला. कलकत्त्याहून, पितळी, मखमलीच्या पेटीत. मुंगळ्याचा पाय पाहिला. त्यावर एवढे केस असतात हे मला ठाऊक नव्हतं. तात्याने मलाच आधी बघू दिलं, "मास्तर, डोये तुहे चांगले, तू पाह्य." आणि मला काय वाटलं, तर पेटीसकट उचलून घरी न्यावं. माझ्याकडे एक भिंग, तेही कडेला फुटलेलं. चित्रं मी काढायची, नावं तो शोधणार, कारण इंग्रजी पुस्तकं त्याच्याकडे.

जळतो मी त्याच्यावर. लिहून टाकलं.

४ नोव्हें., रवि.

आज दुपारी जे पाहिलं ते इथल्या कुणी पाहिलं नसेल.

खिडकीवरच्या घरावर एक हिरवी माशी उतरली. मोरपंखी, उन्हात नजर ठरेना. कुं.पेक्षा जाड. कुं. कधीच निघून गेली आहे, खोल्या बंद. ही एका खोलीवर बसली, तोंडातून पाणी सोडून माती भिजवली, कुरतडून भोक पाडलं, शेपूट आत घातलं. मग तीच ओली माती ओढून भोक बुजवलं. म्हणजे अंडं घातलं, दुसऱ्याच्या बंद घरात. तिची अळी आता आतलं सगळं खाणार, कुं.ची अळीसुद्धा. उभ्या उभ्या रेखाटलं.

तसाच तात्याकडे पळालो. तिथे बैठक भरलेली. नागपूरच्या मासिकात त्याचा फुलपाखरांवरचा लेख छापून आला होता. पावसाळ्यात एक रंग, थंडीत दुसरा, जात एकच, असा. चित्रं माझी. खाली नाव नाही. कोर्टातले मुन्सफ चित्रांवर बोट ठेवून म्हणाले, "वकीलसाहेब, कमाल का हाथ है आपका." तात्या फोटोला बसल्यासारखा हसला. एका शब्दाने म्हणाला नाही की हात मास्तरचा.

चिवडा खाल्ला, परत आलो. हिरवीचं बोललो नाही. हे माझं एकट्याचं.

२५ नोव्हें., रवि.

थंडी पडली. तात्याने बैठकीतलं कुं.चं घर अलगद काढून कंदिलाच्या काचेत ठेवलं होतं, तोंडाला मलमल बांधून. आज निरोप, ताबडतोब ये. काचेत हिरवी माशी. बाकीच्या खोल्या अजून बंद.

तात्या वेडा व्हायचा राहिला होता. "अरे, ध्यानात आलं का? माय कायी-पिवळी, लेक हिरवी. फुलपाखरायसारखंच हे. थंडीचा रंग! गांधीलमाशीत हे कोनं लिहिलं नाही, मी सारी पुस्तकं पाह्यली."

मी काचेकडे बघत राहिलो. जिभेवर आलं होतं. "असू शकेल," एवढंच म्हणालो.

वाटेत स्वतःची लाज वाटली. पण गुदगुल्याही होत होत्या, तेही खरंच.

९ डिसें., रवि.

माझ्या भिंतीवरच्या खोल्या फुटल्या. भोक पाडलेल्या खोलीतून हिरवी. शेजारच्या दोन खोल्यांतून आईसारख्या काळ्या-पिवळ्या. भिंत तीच, थंडी तीच. आता शंकाच नको. (चौथी खोली बुरशीने गेली.)

सौ.नेही पाहिलं, तांदूळ निवडता निवडता. "तात्याभाऊजींले सांगतलं का?"

"सांगेन."

"काहून नाही सांगत? थे तं नागपूरले जाऊन राह्यले म्हने, भाषन द्याले. लोक हासतीन ना त्याईले."

मी उठून अंगणात गेलो. या बाईला कधी काय कळतं!

१६ डिसें., रवि.

खरं आहे. नाताळच्या सुट्टीत नागपूरला अभ्यासकांची सभा, मासिकवाल्यांनी तात्याला बोलावलं आहे. भिंतीवर टांगायला मोठा तक्ता हवा. एकाच फांदीवर माय आणि तिची हिरवी लेक. काढणार अर्थात मी. रंगांचे पैसे आगाऊ देऊ लागला, घेतले नाहीत.

हो म्हणालो. काढीन, जाऊ दे त्याला, तिथले जाणते लोक दोन मिनिटांत पाणी पाजतील. मग कळेल पितळी यंत्राने नजर येत नाही ते. आठवडाभर हाच विचार गोड लागतोय. वर्गात फळ्यावर मडकं काढताना मनातल्या मनात ती सभा पाहतो.

२३ डिसें., रवि. आसेगाव.

तात्याच्या शेतात हुरडा. मुन्सफ, डॉक्टर, सगळे. कणसं भाजत असताना तात्या सगळ्यांदेखत म्हणाला, "त्या मासिकात मास्तरचं नाव राह्यलं. चूक माहीच, मी लिहून पाठवलंच नाही. या खेपेले शोध दोघायचा म्हनून लिवला. त्याचं नाव आंधी, मंग माहं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुन्सफांनी पाठ थोपटली. मी हातातलं कणीस चोळत राहिलो.

आत्ता सांग, आत्ता सांग, असं मनात चाललं होतं. पण सांगायचं काय? की मला दिवाळीपासून ठाऊक आहे? पहिला प्रश्न तो हाच विचारील, वकील आहे. तेव्हा काहून नाही बोलला? याला उत्तर एकच आहे आणि ते मला त्याच्यासमोर देता येत नाही.

बैलगाडीतून परत. तो गात होता.

२६ डिसें., बुध.

तक्ता सकाळी पूर्ण. फांदी काढली नाही. भिंत काढली, चुन्याची, आणि तिच्यावर मातीचं घर. एका बाजूला दोन काळ्या-पिवळ्या बाहेर पडताना. मधोमध हिरवी, माती भिजवून भोक पाडताना, जशी पाहिली तशी. कुणालाही एका नजरेत कळेल. माझ्या हातून याहून चांगलं चित्र आजवर झालेलं नाही. खाली तारीख घातली, चार नोव्हेंबर. सही केली.

ठरवलं होतं, तात्या आला की उलगडायचा. चित्रच बोलेल, मला तोंड उघडायला नको. त्याने निदान चार शिव्या द्याव्या.

दुपारी आला, घाईत, टांगा दारात उभा ठेवून. सुरनळी करून कापडात बांधलेली होती. मी गाठ सोडायला लागलो तर त्याने हात धरला. "राहू दे. प्रवासात रंग खराब होईन. तिथंच उघडतो, साऱ्यायच्या समोर. तुह्या हातचं काम मले तपासाले लागत नाही."

मी हात मागे घेतला. घ्यायला नको होता, पण घेतला. टांगा गेला.

सौ. दारात आली. "दाखवलं का?" मान कशी हलवली, हो की नाही, माझं मलाच सांगता येणार नाही.

मी त्याला खरं कळवलं, की भर सभेत त्याचं नाक कापायची सोय केली? काढत होतो तेव्हा खरंच वाटत होतं. गाठ तशीच ठेवली तेव्हाचं सांगवत नाही.

त्याची गाडी उद्या सकाळची आहे. स्टेशन इथून चालत जाण्याजोगं.