घरशाळेचा राब झाला, त्याबद्दल

मु. हिर्डोशी, ता. भोर

सौ. सुलक्षणाविहीणबाई यांस,

आधी मला एवढं सांगा, घरात शाळा भरवायचं हे खूळ तुमच्या लेकीच्या डोक्यात तुमी जित्या असताना शिरलंच कसं? जन्मभर मास्तरकी केलेली बाई तुमी. अर्धी धनकवडी तुमच्या हाताखालून शिकून बाहेर पडली, आणि पोटची पोरगी म्हणती मला शाळा पटत न्हाई. म्हणजे कंडक्टरच्या पोरीनं एसटीत बसणार न्हाई म्हणण्यातली गत. बरं, ही शाळा भरवली कुठं? तर पुणं सोडून येऊन माझ्या सैपाकघरात. (नमस्कार राहिला. नमस्कार. गुडघे कसे हायेत? व्याह्यांची साखर उतरली का? आमी हितं समदे बरे आहोत, म्हणजे मला सोडून.)

फोन का न्हाई केला म्हणाल, तर आमच्याकडं रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येती, आणि टाकीवर तुमचे जावई, म्हणजे आमचा सूरज, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन दिवसभर नोकरी करत बसलेला असतो. त्याच्या देखत त्याच्याच बायकोचं गाऱ्हाणं कसं सांगू? शिवाय फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाई. पत्रात मधी तोंड घालता येत न्हाई. चौथी पास असले तरी एवढं मला कळतं.

तर तुमी तिकडं पुण्यात आपल्या नातीसाठी, सोनीसाठी, मोठ्या शाळेत जागा धरून ठेवली हाय, आणि सूरज-वर्षा म्हणतात, दोघी आज्या मिळून ठरवतील ते करू. म्हणजे जूनमधी पोरगी कुठं राहणार हे तुमच्या-माझ्या गळ्यात आलं. म्हणून घरशाळेचे फायदे बी सांगते आणि तोटे बी. मागनं म्हणू नका विहिणीनं एकाच बाजूचं सांगितलं.

फायदे आधी, ते लवकर संपतात. गणवेश धुवावा लागत न्हाई. पहाटे उठून डबा करावा लागत न्हाई. शाळेची गाडी चुकत न्हाई, कारण शाळा चुलीपाशी हाय. संपले.

आता तोटे. शाळंला रविवार असतो, मे महिना असतो, हिला काहीच न्हाई. म्या भाकरी तव्यावरनं काढली रं काढली की तुमची वर्षाराणी ओरडती, "आई, थांबा, अपूर्णांक!" मंग त्या भाकरीचे अर्धे, त्याचे पाव, पावाचे निम्मे, आणि आमचे मालक ताटावर हात कोरडा धरून बसलेले. परवा गार तुकडे चावत म्हणाले, "पोरगी अडाणी राहिली असती तर बरं झालं असतं, गरम तरी खाल्लं असतं." कोंबडा कापायची सोय न्हाई, तो सोनीसंगं दुसरीच्या अभ्यासात हाय. सारोळ्याचे पाहुणे मुक्कामाला आले, त्यांना म्या पिठलं घातलं. कोंबडा त्यांच्या पुढ्यात मान वर करून हिंडतोय आणि पाहुणे त्याच्याकडं बघत पिठलं खातायत. जाताना एकानं मला विचारलंच, "वहिनी, हा नवसाला सोडलाय का?" आता काय सांगू, दुसरीला हाय म्हणून?

शेजारची आक्काबाई निराळीच. तिला रोज एकच उचकी, "का गं, नात नापास झाली का?" म्या ठोकून दिलं, हवापालटाला आलीय. तर सोनी कुंपणावरनं म्हणती, "न्हाई आजी, मला शाळेतनं काढलंय." हाय ते खरं, पण खरं असं उघडं सांगतात व्हय? दुसऱ्या दिवशी गावभर झालं की पुण्याची नात कायतरी करून बसलीय.

आणि ते निरीक्षण. रोज बाटली घेऊन एकटी ओढ्याकडं जाती, किडे-मुंग्या बघायला म्हणे. परत येती तवा बाटली रिकामी, आणि जेवायला बसवली तर भूक न्हाई म्हणती. वर्षाला लई कौतुक. म्हणती, "आई, निसर्गात मुलांचं पोटसुद्धा भरतं." भरत असंल. म्या काय बोलले न्हाई. (कधी कधी म्या बोलत न्हाई, हे तुमच्या लेकीच्या ध्यानात यायला पाहिजे होतं.)

आता मुख्य बात. पुण्यातल्या दुसऱ्या घरशाळेवाल्या बाया सोनीची शाळा बघायला येणार होत्या. त्यांच्यासाठी मायलेकींनी निसर्गाचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. ते मला कुणी धड सांगितलं न्हाई. म्या गेले होते नसरापूरला भाचीच्या लग्नाला. परत आले तर बघते काय, घरामागच्या भातखाचरात, आमी दरसाल राब भाजतो नेमकं तिथंच, समदं रचून तयार! तुमाला पुण्यात राब ठाव नसंल. भाताचं रोप करायची जागा असती, तिच्यावर पावसाळ्याच्या आधी शेण, झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असं एकावर एक पसरायचं, वर माती दाबायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजली की तण मरतं, मंग रोप जोमानं येतं. तर हितं ऐनाच्या डहाळ्या, हिरड्याचा पाला, वाळलं गवत, समदं वाफ्यागत सरळ रेघेत. आणि शेण! गाईचं, म्हशीचं, शेरडाच्या लेंड्या, अशी निरनिराळी. म्या जलमभर राब भाजले, पण इतक्या निगुतीनं रचलेला बघितला न्हाई. जागोजाग काटक्यांना कागद टोचलेले होते. मला वाटलं पाखरं हाकायला असतील.

विहीणबाई, माझं काळीज सुपाएवढं झालं. आक्काबाईला मुद्दाम हाक मारून दाखवलं, "बघ, पुण्याची सून म्हणत होतीस ना? न सांगता राब रचला तिनं." आक्काबाईचं तोंड एवढंसं झालं. फकस्त वरची माती टाकायची राहिली होती. म्हटलं नवीन हाय, एवढं चुकायचंच. ती म्या टाकली. सकाळी वारा पडलेला होता, मायलेकी अंघोळीत, म्या काडी लावली.

तुमच्या लेकीनं ओल्या केसानं येऊन जो सूर लावला, तो घाटापर्यंत गेला असंल. "आई, ते वर्षभराचं काम होतं!" म्या म्हटलं, "वर्षभराचंच असतं बाई, भात खायचा न्हाई का?" तेवढ्यात पुण्याच्या बाया गाडीतनं उतरल्या. त्यांना वाटलं आग हाच कार्यक्रम. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सोनी आधी रडली, मंग लेंड्या कशा पेटतात ते बघायला थांबली, आणि मंग नाक पुसून तिनं त्या बायांना राब का भाजायचा ते आदीपासून अंतापर्यंत सांगितलं. वारा मधीच फिरला तर वाऱ्याला काय म्हणायचं, तेबी सांगितलं. ते शब्द माझे हायेत. फकस्त वाऱ्यासाठी आणि मालकांसाठी ठेवलेले. एकीनं लिहून घेतले. दुसरीनं मोबाईल पुढं धरून पोरीला पुन्हा म्हणायला लावले.

संध्याकाळी वर्षानं माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. म्हणाली, "आई, पुण्यालाच नेते तिला. हितं मी मांडलेलं काही टिकत न्हाई." तवा तुमी जिंकलात. तुमची लेक, तुमची नात आणि ते अपूर्णांक, समदं एकदमच घेऊन जा. माझी चूल मोकळी करा.

व्याह्यांना नमस्कार.

तुमची विहीण,
बाळाबाई

ता. क. घेऊन जा म्हणाले, पण लगीच नव्हं. राबाच्या कोपऱ्यात सोनीनं स्वतःचा वाफा धरलाय. पाऊस लागला की तिथं भात पेरायचं, रोप वर आलं की लावणी. आमच्यात ज्याचं रोप त्यानं लावायचं असतं. (हा नियम म्या काल केला.) लावणी झाली की पाठवते.

आणखी ता. क. लावणी करून कापणीला न्हाई, असं कसं चालंल? आणि कापणी झाली की दिवाळी. दिवाळीत कुणी पोराला नव्या शाळेत घालतं का? तुमीच मास्तरीण, तुमीच सांगा.

शेवटचं ता. क., आणि हे कुणाला वाचून दाखवू नका. ओढ्याच्या पलीकडं आमच्या गावची शाळा हाय. पोरीचं निरीक्षण तिथंच चालतं. मला पहिल्यापास्नं ठाव हाय, ओठाला खिचडीची हळद लागलेली असायची. म्या जाऊन बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, पाढे सगळ्यांत मोठ्यानं हीच म्हणती, जूनपास्नं नाव घालू या. म्या व्हय म्हणून आले. सूरज पुण्याला शिकायला गेला, तवापास्नं ह्या घरात कुणी मोठ्यानं पाढे म्हटले नव्हते. आता दिवसा शाळा, तिन्हीसांजेला ती माझ्यापाशी, आणि वर्षाला जे शिकवायचं ते तिनं जेवणं झाल्यावर शिकवावं. पण वर्षा माझं ऐकायची न्हाई, काडी म्या लावलीय. तवा तुमी सांगा, ही कल्पना तुमचीच म्हणून सांगा. मोठेपणा तुमचा, पोरगी माझ्याकडं. पुण्यातली जागा दुसऱ्या कुणाच्या नातीला द्या. मे महिन्यात सोनी तुमच्याकडं येईल, पाढे ऐकवील. वाऱ्याचे शब्द म्हणायला लागली तर घरात पाहुणे नसू देत.

उत्तर टपालानंच पाठवा, आणि वर माझंच नाव घाला, न्हाईतर तुमच्या पत्राचा बी धडा होईल. अखितीच्या, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या, आत मिळालं पाहिजे. त्या दिवशी सांजेपातूर आलं न्हाई, तर तुमी व्हय म्हणालात असं धरून म्या आमरस करीन आणि शाळेच्या बाईंना जेवायला बोलवीन.