तुळशीराम हवालदाराची एकोणीस नावं

ता. २० नोव्हेंबर १९२८, मंगळवार

नाही म्हणायला हवं होतं! तोंडातून हो निघून गेलं.

शाळा सुटल्यावर तुळशीराम हवालदाराने बोलावलं होतं. पंधरा दिवस झाले, अंथरुणातून उठलेला नाही. छातीत पाणी झालंय म्हणे. अलिबागच्या डॉक्टरांनी हात टेकले. रोज चारच्या सुमाराला शाळेच्या ओट्यावर येऊन माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेणारा माणूस. या गावात मला दोस्त म्हणावा असा तेवढाच.

म्हणाला, "मास्तर, मी मेलो का भट आणायचा न्हाय. मंत्र न्हाय, पिंड न्हाय, दहावं-तेरावं न्हाय. तुमी हुबं ऱ्हायाचं आनि मी सांगतो ती नावं वाचायची. मोठ्यांदा. मंग काडी लावायची."

"कुणाची नावं?"

"ज्यांना म्या वाळूत गाडलं त्यांची."

मोठ्या लढाईत मेसोपोटेमियात कुतला पलटण शरण गेली तेव्हा तुर्कांनी त्यांना वाळवंटातून पायी हाकत नेलं. वाटेत माणसं पडत गेली. एकोणीस जणांना याने हाताने वाळू उकरून पुरलं. "त्यांच्या तोंडात कुनी पानी घातलं न्हाय, मास्तर. मंग माज्या तोंडात गंगा कशापायी?"

मी हो म्हटलं. मी! देवपूजा झाल्याशिवाय चहाला तोंड न लावणारा!

ता. २१ नोव्हेंबर

कोकिळेला सांगितलं. तिला पाचवा महिना. "बायको गरोदर असताना नवऱ्याने प्रेताला शिवू नये, एवढंही कळत नाही तुम्हाला?" ताट तसंच ठेवून उठली.

बरोबर आहे तिचं.

ता. २३ नोव्हेंबर

नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, गाव. दोन नावं सांगितली की धाप लागते. मग उशाशी टेकून डोळे मिटतो. आज सहा झाली. एक माणगावकडचा, एक थेट पोलादपूरचा, एक साताऱ्याचा.

त्याची बायको नीराबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर केली नाही. पण सुपातला एक खडासुद्धा निघालेला मला दिसला नाही.

ता. २५ नोव्हेंबर, रविवार

तेरा झाली. तेराव्याशी तो अडला.

"सदू बाळू. ह्याच्याफुडं आनिक एक लिवा. ह्याचे बूट म्या काढून घेतले."

मी म्हटलं, मेलेल्याचे बूट घेतले तर त्यात काय एवढं.

"मेल्ता कुठं? सास चालू व्हता. माज्याकडं बगत व्हता. म्या बूट काढले, घातले, मंग त्याच्या उशाला बसलो. दुपारपातुर बसलो. मंग पुरला." छपराकडे बघत बोलत होता. "सुटून आलो, त्याला नऊ वर्सं झाली. एकाच्याबी दाराशी गेलो न्हाय. काय तोंडानं जाऊ? लिवा, मास्तर. आनि वाचताना गाळू नका."

लिहिलं. वाचून दाखवलं.

ता. २६ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत नीराबाई शाळेत आली. आजवर कधी आली नव्हती. मुलांना बाहेर धाडलं.

"मास्तर, पाया पडते. तुमी त्येला समजवा."

म्हटलं, मी शब्द दिलाय.

"तुमी शबूद दिला, भोगायचं कुनी? पोरगा मानमोडीच्या तापात गेला तवा हा तुर्काच्या कैदेत. पोराच्या तोंडात पानी म्या घातलं, म्या एकटीनं. आता ह्यो बी बिनपिंडाचा गेला तर दोगांची गाठ पडायची कशी? हितं खाडीवर भूत हून हिंडंल, मास्तर. आनि म्या रोज त्येच खाडीवर पानी भरनार."

ती म्हणते ते मला खोटं वाटत नाही! तुळशीरामचा देवावर विश्वास नाही, म्हणून तो सुटला. मी कुठे सुटलो? माझ्या बापाचं श्राद्ध मी दरसाल करतो. आणि दुसऱ्याच्या नवऱ्याला मंत्राविना धाडायला निघालोय!

ता. २७ नोव्हेंबर

आज कोंडाजी आला — हवालदाराचा चुलतभाऊ, गावकीत त्याचा शब्द चालतो. आवाज चढवला नाही. त्यानेच जास्त भीती वाटली.

"भट न्हाय, तर आमचा खांदा न्हाय. लाकूड न्हाय, गाडी न्हाय. आनि मास्तर, तुमी परगावचे. गावात ऱ्हायचंय ना?"

देवापुढे बराच वेळ बसलो.

ता. २८ नोव्हेंबर

संध्याकाळी मन घट्ट करून गेलो. म्हणणार होतो, मला जमायचं नाही. तुळशीरामने माझा हात धरला आणि म्हणाला, "तुमी हाय म्हनून मरायला भ्या वाटत न्हाय." तसाच परत आलो. भेकड तो भेकडच! नाही म्हणायचीसुद्धा हिंमत नाही.

ता. २९ नोव्हेंबर

अठरा झाली. एकोणिसावं नाव आठवत नाही.

बघवत नाही हो! चेहरा आठवतो, वरच्या ओठावरचा व्रण आठवतो, कुठे पुरला ती नदीकाठची जागा आठवते — नाव नाही. उठून बसायला बघतो, बोटांवर मोजतो, पुन्हा पहिल्यापासून अठरा नावं म्हणतो आणि तिथेच अडतो. शेवटी डोकं भिंतीवर आपटायला लागला. नीराबाईने मागून धरलं. पन्नाशीचा हवालदार तान्ह्या पोरासारखा रडला.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "जावा आता. बास."

ता. २ डिसेंबर, रविवार

तुळशीराम काल गेला. सगळं लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी सातला नीराबाई स्वतः मला बोलवायला आली. गेलो तर तो माझी वाटच बघत होता. ओठ हलले. कान अगदी जवळ नेला. "रंगू दगडू. मौजे नाते." एकोणिसावं, गावासकट! मी लिहिलं, वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. दहाच्या आत संपला.

मग सुरू झालं वाट बघणं. बारा वाजले, एक वाजला. भाऊबंदांपैकी एकही फिरकला नाही. समोरच्या अंगणात कोंडाजीची माणसं भाताच्या पेंढ्या झोडत होती — धप्, धप् — जशी काही शेजारी मयतच नाही. मी चार घरं फिरलो. एकात म्हणाले अंगात ताप आहे, एकात दारच उघडलं नाही. प्रेताला किती वेळ ठेवायचं? माश्या बसायला लागल्या. नीराबाई पदराने हाकलत होती.

दोनच्या सुमाराला महारवाड्यातला दयाराम आला. तोही बसऱ्याला जाऊन आलेला. जुना खाकी कोट चढवलेला, कोपरं फाटलेली. अंगणाबाहेर उभा राहून त्याने सलाम ठोकला आणि तिथूनच म्हणाला, "लाकडं मसनात टाकून आलोय, मास्तर. पर म्या हात लावला तर गाव तुमाला जाळंल."

मी नीराबाईकडे बघितलं. तिने पदराने आणखी एकदा माश्या हाकलल्या. मग म्हणाली, "गावानं न्हाय लावला हात. ये तू."

दोघे झालो. दोन खांद्यांवर तिरडी जात नाही. खाडीवर मोरू कोळी जाळं सुकवत होता. त्याला विचारलं तेव्हा माझा आवाज भिकाऱ्यासारखा झाला होता. तो म्हणाला, "दर्यावर वाहून आलेलं मढं कुनाचं हाय आमी इचारत न्हाय, काठाला आनतो. ह्यो तर आपल्या वळखीचा. भरती चारला लागंल. होडीतनं नेऊ."

होडीतून नेलं. तिघांनी मिळून उचलून फळ्यांवर ठेवलं. चेहऱ्यावरचं धोतर सारखं करताना मला दिसलं — ओठांच्या कडेला तुळशीचं पान. नीराबाईने कधी ठेवलं कोण जाणे. ती काठावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी धोतर वर ओढून घेतलं. मित्राचा शब्द तिथेच थोडा मोडला. मोडू दे.

मसणवट खाडीच्या तोंडाशी. चिता रचली. मी कागद काढला. आम्ही तिघे, आणि लांब बांधावर येऊन उभी राहिलेली गावातली दहा-बारा माणसं. कोंडाजीही होता. तमाशा बघायला आले असणार.

काय बोलायचं ते घोकून गेलो होतो. सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "हा तुळशीराम. हा लढाईवर गेला आणि परत आला. हे परत आले नाहीत." आणि वाचायला लागलो. वाऱ्याने कागद फडफडत होता. पहिली चार-पाच नावं घशातच राहिली. दयाराम म्हणाला, "मोठ्यांदा, मास्तर." मग ओरडूनच वाचलं. प्रत्येक नावाला दयाराम टाच जुळवून म्हणायचा, "हाजिर." मी सांगितलं नव्हतं.

तेरावं नाव आलं. वाटलं, गाळावं. कोण विचारणार? आणि हा कोंडाजी उद्या गावभर करील — चोर होता, मरत्याचे बूट ओढणारा! मग वाचलं. "सदू बाळू. याचे बूट मी काढून घेतले. तो तेव्हा जिवंत होता."

बांधावरही कुणी हललं नाही.

दयारामने टाच जुळवली नाही. खाली बघून म्हणाला, "म्या घोंगडी घेतली व्हती. असाच एक व्हता. नाव बी इचारलं न्हाय." आणि मग टाच जुळवून, "हाजिर."

उरलेली सहा कशी वाचली माहीत नाही. काडी मीच लावली. परत फिरलो तेव्हा बांधावर कोंडाजी एकटाच उरला होता. डोक्यावरचं मुंडासं काढून हातात धरलेलं. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आलो. कोकिळेने दाराबाहेरच पाणी ओतलं माझ्या अंगावर. पण पाणी ऊन केलेलं होतं.

ता. ५ डिसेंबर

शाळेत दोनच मुलं. विहिरीवर कोकिळेचा हंडा कुणी आडवा केला. न्हाव्याने सांगून पाठवलं, तब्येत बरी नाही.

ता. १० डिसेंबर, सोमवार

आज दहावा. शाळेत कुणीच आलं नाही म्हणून खाडीवर गेलो. नीराबाई वाळूत एकटी बसली होती. समोर केळीच्या पानावर भाताचा गोळा. तिने मला बघितलं, लपवलं नाही. "त्येला सांगू नका," म्हणाली — जसा तो घरीच पडलाय!

सुरूच्या झाडावर कावळे होते. एकही खाली आला नाही. एवढा उन्हाचा ताप, सावली नाही, ती हलली नाही. मी जवळ उभा राहिलो. मनात म्हणालो, तुळशीराम, मी हिला बघीन, सरपण आणून टाकीन, काय हवं ते सांग, पण पिंडाला शिव बाबा एकदाचा. हात जोडले. मोठ्याने म्हणालो. तिनेही विनवलं, पोराच्या नावाने विनवलं. कावळे उडून गेले.

पाणी पायाशी आलं तेव्हा तिने पान खाडीत सोडलं. "त्येचं मन कुटं गुतलंय, कुनास ठावं," म्हणाली. "तुमाला तरी ठावं हाय का?"

मला ठाऊक नाही. मी काय करून बसलो, देवा! एकाचा शब्द राखला आणि हिचं उरलंसुरलं बुडवलं.

ता. ११ डिसेंबर

पूजेला बसलो. हातात फूल तसंच राहिलं.

ता. २२ डिसेंबर

कोकिळेच्या पोटात काल दिवसभर दुखलं. सुईण यायला तयार होईना. शेवटी दयारामची म्हातारी आली, तिने शेकलं. आता बरं आहे. कोकिळा म्हणाली, "तुमच्यामुळे हे सगळं." मी म्हटलं, हो.

सकाळपासून शाळेच्या ओट्यावर बसून राहतो. चार वाजतात. यादी फाडून टाकावी असं दोनदा मनात आलं.

ता. १४ जानेवारी १९२९, सोमवार

संक्रांत. आमच्याकडे यंदा कुणी आलं नाही.

दुपारी मोरू एका बाईला घेऊन आला. बोर्ली पंचतनची, नाव कृष्णाबाई. मोरू तिकडे मासळी घेऊन गेला होता, तिथे त्याने मसणातल्या वाचण्याची गोष्ट केली. ती तिच्या कानावर गेली. दोन दिवसांची वाट करून आली होती. चाळिशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा.

"माज्या मालकांचं नाव हाय म्हनं तुमच्या कागदात. सरकारचा कागद आल्ता, ठावठिकाना न्हाय म्हनून. बारा वर्सं झाली. दीर पाट लावायला मागं लागला, म्या ऐकलं न्हाय. येतील म्हनलं."

यादी काढली. अकरावं नाव. वाचलं. ती म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. कसे गेले ते विचारलं तिने. मला माहीत नव्हतं. मी हवालदाराला ते कधी विचारलंच नाही.

"पुरलं ना पन? उगडं न्हाय टाकलं?"

"पुरलं. हाताने वाळू उकरून."

"बास," म्हणाली. उठली.

तेवढ्यात आतून कोकिळा करंडा घेऊन लगबगीने आली. आमचं बोलणं तिने ऐकलं नव्हतं. संक्रांतीच्या दिवशी दारी आलेली सवाष्ण तशीच कशी जाऊ द्यायची! तिने कुंकवाचं बोट पुढे केलं.

बाईने कपाळ मागे घेतलं.

"नको, ताई. आजपास्नं नको."