नुंगंबाक्कमच्या वाचनालयातलं मराठी टेबल

आई, आमच्या नुंगंबाक्कमच्या वाचनालयात पुस्तकांचा उत्सव झाला आणि मराठीचं टेबल माझ्याकडे होतं. हसू नकोस. आसपासच्या वाचनालयांनी मिळून ठरवलं होतं, वस्तीत बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेचं एक टेबल मांडायचं आणि ज्याची भाषा त्याने घरची पुस्तकं घेऊन बसायचं. मी मोठ्या हौसेने हात वर केला. खरं कारण पुस्तकं नव्हतंच. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात दिवसभर इंग्रजी, कंपनीच्या बसमध्ये तमिळ, जिन्यात घरमालकीण भेटली की तिचं "साप्टिया?", म्हणजे जेवलीस का, आणि त्यावर माझी नुसती मान. आठवडेच्या आठवडे तोंडून मराठीचा शब्द निघत नाही. बोलायला एक मराठी माणूस हवं होतं गं मला, बाकी काही नाही.

आधी तर माझी पुस्तकं हिंदीच्या टेबलावर गेली. अक्षरं तीच आहेत ना, असं तिथल्या बाईंचं म्हणणं. मी भांडून वेगळं टेबल घेतलं, तुझीच मुलगी. आणि मग काय? तमिळच्या टेबलापुढे जत्रा, तेलुगूकडे पोरांचा गलका, माझ्याकडे काळं कुत्रं फिरकेना. आयटीतली आपली मुलं या गावात ढिगाने आहेत म्हणे, पण रविवारी सकाळी उठून कोण येतंय! मी आपली पुस्तकं सारखी करत बसले, मग उगाच विस्कटली आणि पुन्हा सारखी केली.

बसल्या बसल्या आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू शाळेत शिकवून यायचीस ती थेट ओट्यापाशी, आणि वाचनालयाचं पुस्तक परत द्यायची वेळ तर झालेली. मग तू पोळ्या लाटतेयस आणि मी पाटावर बसून मोठ्याने वाचतेय. पिठाच्या हाताने पुस्तकाला शिवायचं नाही हा तुझा नियम, त्यामुळे तुझं सगळं वाचन माझ्या तोंडून. माझा आवाज जरा उतरला की लाटणं थांबायचं. "तोंडात सुपारी धरल्यासारखी वाचू नकोस. इथे मलाच ऐकू येत नाहीये!" अस्सा राग यायचा मला. मैत्रिणी बाहेर लंगडी खेळतायत आणि मी इथे तव्याला कादंबरी ऐकवतेय.

दुपारी एक आजी आल्या. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, केसात मोगरा. मी इंग्रजीत या बसा केलं, तर म्हणाल्या, "मराठी नव्हे का तूं? मग इंग्लीश कशाला?" चाल तमिळ आणि शब्द जुन्या बखरीतले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. अगं, मला इतका आनंद झाला की मी भराभर पुस्तकंच कोंबली त्यांच्या हातात. त्यांनी एक उघडलं, पान न्याहाळलं आणि हळूच मिटून ठेवलं. "घरांत मराठी बोलतों, मा. शाळा तमिळ. हीं अक्षरें अम्हांस येत नाहींत." मी ओशाळले. मराठी बोलणाऱ्याला मराठी वाचता येणारच, असं धरूनच चालले होते ना मी. मी पुस्तकं आवरायला लागलेली पाहून त्याच म्हणाल्या, "तूं वाच की. मी ऐकतें."

वाचलं. चांगलं खडा आवाज लावून वाचलं, तेलुगूकडची पोरं वळून बघायला लागली तरी थांबले नाही. एखादा शब्द अडला की आजी हाताने थांबवायच्या, अर्थ विचारायच्या, मग तो शब्द स्वतः एकदा म्हणून बघायच्या. विनोदावर जरा उशिराने हसायच्या, पण हसायच्या पोट धरून. मुलगा न्यायला आला तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "पुढल्या आइतवारीं जेवायास ये. पुस्तक घेऊन ये." मी जाणार आहे. नक्की जाणार आहे.

पण घरी आले आणि दार लावून रडले. आजींचा आवाज अजून कानात होता, इथल्या बायका लाडाने लावतात तसं त्यांचं ते "मा" सुद्धा. म्हटलं, तुझा आठवून बघावा. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, म्हणजे काही लहान नव्हते. तुझी वाक्यं सगळी पाठ आहेत मला, रागावलेली, लाडाची. पण आपल्या स्वयंपाकघरात वाचायचे मी, तू ऐकायचीस. आता ती वाक्यं मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. हे पत्र पाठवायला पत्ता नाही ते एक बरंच आहे. तुला कसं सांगू, आई, तुझा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही.