ट्रंकेच्या झाकणावरचं नाव

अण्णा, आधी आली ती उंच पोरगी, केस बारीक कापलेले, सिनेमा तिचाच. चप्पल काढायच्या आत विचारते, आजी, पाटी कुठे लिहायची? मागनं कॅमेरावाला धापा टाकत चढला, कळव्याचे आमचे चार मजले, लिफ्ट बंद. मी म्हटलं, आधी पोहे खा, पाटी कुठे पळून जात नाही.

खोपटच्या एसटी डेपोतल्या कंडक्टरबाईवर बारा मिनिटांचा सिनेमा काढलाय त्यांनी, 'घंटीची दोरी'. तुम्ही तिथल्याच गल्लीत बसून पाट्या रंगवायचात, म्हणून मला कोण आनंद. पोस्टर करायचं काम माझ्या नातीकडे. तिने काँप्युटरवर तीन केले, पण उंच पोरीला एकही आवडेना. म्हणे अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी दिसतात. नात रडकुंडीला आली आणि बोलून गेली की आमची आजी हाताने लिहिते. म्हणून ही वरात.

त्यांनी पुठ्ठा आणलेला. माझा हात पत्र्यावरच चालतो, म्हणून माझ्याच लग्नातल्या ट्रंकेचं झाकण काढलं. सून म्हणाली, अहो आई, आता लोकरीचे कपडे कुठे ठेवू? ठेव कुठेही. खडूच्या दोरीने रेघ मारली, हाताला टेकू म्हणून काठी घेतली आणि मधल्या अक्षरापासून सुरुवात केली, तुमच्यासारखी, म्हणजे कडेला जागा कमी पडत नाही. ब्रश तोच, खारीच्या केसांचा, सासरी जाताना तुम्ही भांड्यांत लपवून दिलेला. शाळेत मी दुसरीपर्यंतच, पण अक्षर कसं उभं राहतं ते मला कोणी शिकवू नये. कॅमेरावाल्याच्या हातातले पोहे गार झाले.

गिरणीची पाटी आठवते? तुम्हाला हिवताप, हात थरथरतोय, म्हणून अख्खी पाटी मी लिहिलेली, फ्रॉकला रंग पुसत पुसत. खाली कोपऱ्यात बारीक माझं नाव टाकलं. तुम्ही उठलात, रॉकेलचा बोळा फिरवलात आणि त्याच थरथरत्या हाताने स्वतःचं नाव लिहिलंत. "पोरीने लिहिलंय कळलं तर पाटी कोण लावेल?" एवढंच बोललात. पुढे किती पाट्या मी लिहिल्या, कोपरा तुमचाच. मला राग आला नाही असं मी सगळ्यांना सांगत आलेय.

तर 'दोरी'ची शेवटची वेलांटी ओढली आणि हात आपोआप खाली कोपऱ्यात गेला. तुमचं नाव लिहून मोकळी झाले. इतक्या वर्षांत हाताला दुसरं नाव माहीतच नाही. ती दोघं झाकणाचा फोटो काढणार, तो काँप्युटरवर पोस्टरात बसणार, आणि जिथे जिथे सिनेमा दाखवतील तिथे ते लागणार. नात खाली वाकली.

"आजी, हे कोण गं?"

"माझे अण्णा."

"पण लिहिलंस तर तू ना?"

अण्णा, मी उठले. सुनेकडे रॉकेल कुठलं, टर्पेंटाइन होतं. बोळा भिजवला आणि तुमचं नाव पुसलं. मग माझं लिहिलं, माहेरचं, तुम्ही पुसलंत तेच. पहिलं अक्षर जरा वाकडं आलंय. उंच पोरगी म्हणाली, आजी, नीट करायचं का? मी म्हटलं, राहू दे तसंच.

हे वहीतल्या पानावर लिहून तुमच्या ब्रशाच्या डब्यात ठेवतेय, पाठवायचं कुठे? खरं सांगू, पुसताना हात जरासुद्धा अडखळला नाही. वाटलेलं, अडखळेल. छापलेलं पोस्टर घेऊन पोरं रविवारी येतो म्हणालीत. सगळे कंडक्टरबाईचं तोंड बघतील, मी आधी कोपरा बघणार.