गोदामातला मोठा काटा

गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा खोकला गेला, घसा मात्र अजून बसलेला आहे. कामगारांच्या सभेत बोलू नकोस असं सांगणारं कुणी नाही, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं. पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, उद्या मिळेल. फोनवर तू मध्येच तोडतोस.

तू, ताई आणि मी, आपण तिघं एकाच घरातली जाड भावंडं. शाळेत आपल्या बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही, आठवतं? शिंपी माप घेताना आईकडे बघून हसायचा. ओळखदेख नसलेल्या माणसांनी आपल्या ताटात डोकावून सल्ले दिले. तो राग तिघांचा होता. तू त्यातून कधी निसटलास, कळलंच नाही.

तू ताईला म्हणालास, "वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन कशाला? तोंडाला आवर घाल. ही आळशी माणसांची पळवाट आहे."

दादा, तू वीस वर्षं सिगारेट ओढलीस. तुझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही बाहेर बाकड्यावर बसून होतो. कुणी म्हणालं का, मनाला आवर घातला असता तर? लोक फळं घेऊन आले. ताई बारा दिवस तुझ्या उशाशी होती. तुझं दुखणं ते दुखणं, आणि तिचं दुखणं म्हणजे तिचा दोष? तिची साखर आटोक्यात येत नाही, पायाची जखम चार महिने भरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हा आजार आहे, नुसत्या निग्रहानं हटणारा नाही. त्या हे शिकल्यात. तू शिकलेला नाहीस.

तू विचारशील, मग सहा वर्षं ती डॉक्टरकडे का गेली नाही?

ती गोष्ट मी सभांमधून सांगते. ताई चढली तेव्हा इस्पितळातला काटा दीडशे किलोच्या पुढे जाईना आणि शिपाई सगळ्या रांगेसमोर म्हणाला, "बाई, गोदामात जाऊन या, तिथं मोठा काटा आहे." इथं मी थांबते. टाळ्या पडतात.

ते गोदाम म्हणजे मी कामाला आहे तेच, दादा. त्या दिवशी वजनं करायला काट्यापाशी मीच होते. आमच्याकडे काटा स्थिरावला की आकडा मोठ्यानं पुकारायचा असतो, म्हणजे पलीकडचा कारकून लिहून घेतो. ताई चपला काढून चढली. काटा स्थिरावला. मी आकडा पुकारला, सभेतल्या आवाजात, पार पोत्यांच्या शेवटच्या थप्पीपर्यंत. कारकुनानं सवयीनं तोच आकडा परत म्हटला. एक हमाल म्हणाला, "नग एक की दोन?"

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. अंगावरच्या कपड्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "बारदानाचं वजन वजा कर गं."

आणि मीही हसले. पुकारलं ते सवयीनं, पण हसले ते सवयीनं नाही. मला दुसऱ्या दिवशी त्याच माणसांत काम करायचं होतं, म्हणून हसले.

त्यानंतर ती कुठल्याच काट्यावर चढली नाही. तो आकडा इथं लिहीत नाही. एकदा पुकारला तेवढा पुरे.

गेल्या रविवारी तिच्यासमोर हे कबूल केलं. ती मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. दोरा तोडत म्हणाली, "मला काय सांगतेस? मी तिथंच होते की." मग बराच वेळ मशीन चाललं. शेवटी म्हणाली, "पुढच्या सोमवारी ऑपरेशनला जाईन. पण दादा आला तरच. तो बाहेर बसला नाही, तर मी आत जाणार नाही."

येत्या सोमवारी, १६ तारखेला, सकाळी आठ वाजता, इस्पितळाचा दुसरा मजला. आधी तिचं वजन होईल, तेव्हा खिडकीबाहेर बघ. ती आत गेली की बाकड्यावर बस आणि बाहेर येईपर्यंत उठू नकोस. एवढंच कर. सल्ला घरी ठेवून ये.

मीही शेजारी असेन, तोंड मिटून.

तुझी धाकटी,
आकडा पुकारणारी